गाडी आर्यनला लावलीय

परवा तुळशीबागेत गेलो होतो, बायकोला पितळी निरांजनं घ्यायची होती, आणि मधेच मुलीचा फोन आला की बाबा मी पण लक्ष्मी रोडलाच आहे, गाडी कुठे लावलीयेस, तिथेच येते. म्हटलं आर्यनला. ती ओके म्हणाली आणि फोन ठेवला. आणि मग माझी ट्यूब पेटली. हिचा जन्म २००१ चा, आर्यन थेटर पाडलं १९८३ ला, हिने ते कधी बघितलेलंच नाही आणि तरी पत्ता बरोब्बर कळला. भेटल्यावर मुद्दाम विचारलं, काय गं, आर्यन म्हणजे काय? म्हणाली पार्किंग. अगं पण आर्यन हे नाव कुणाचं? तर म्हणे, "असेल कुणीतरी बिल्डर."

मी निरांजनाची पिशवी हातात घेऊन तिथेच हसत सुटलो, बायकोला वाटलं घासाघीस जमली म्हणून हसतोय.

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो. मंडईच्या आजूबाजूला महापालिकेचे दोन मोठे वाहनतळ आहेत, त्यांना सगळे आर्यन आणि मिनर्व्हा म्हणतात. पाटीवर वेगळी नावं आहेत पण पाटी वाचतो कोण. ही दोन्ही नावं दोन थेटरांची, आधी तिथे थेटरं होती आणि आता त्याच जागेवर गाड्या लागतात. त्यातलं आर्यन म्हणजे साधंसुधं थेटर नाही हो, पुण्यातलं पहिलं सिनेमागृह. १९१५ साली गंगाधर पाठकांनी सुरू केलेलं. बोलपट आला १९३१ मध्ये, म्हणजे पहिली सोळा वर्षं तिथे लोकांनी नुसते मुकेपट बघितले. मंडईची ती दगडी इमारत १८८६ ची, म्हणजे मंडईपेक्षा आर्यन जेमतेम तीस वर्षांनी लहान. हे सगळं मला तेव्हा अर्थातच माहीत नव्हतं. तेव्हा माहीत होतं एवढंच की आत्याबरोबर गेलं की तिकीट लागत नाही.

आमची आत्या शुक्रवार पेठेतच राहायची, आमच्या वाड्यापासून चार घरं सोडून. मूलबाळ नव्हतं, पिक्चरचं भयंकर वेड, आणि एकट्या बाईने थेटरात जायचं नाही असा आजीचा नियम, त्यामुळे सोबत म्हणून मी. सोबत म्हणजे काय, वय वर्षं सात! पण नियम तर पाळला गेला ना. दारावर डोअरकीपर दर वेळी विचारायचा, काय मावशी, पोरगं केवढं? आत्या शांतपणे सांगायची, पाच पुरं नाही अजून. तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणायचा, बरं बरं, मिशी फुटली की तिकीट काढा. आणि सोडायचा. मग तीन तास मी आत्याच्या मांडीवर, तिच्या पायाला मुंग्या आल्या की चिमटा बसायचा, की सरक जरा तिकडे.

दुपारच्या खेळाला मंडईतल्या भाजीवाल्या यायच्या. सकाळचा धंदा आटपलेला, संध्याकाळच्या गिऱ्हाईकाला वेळ, मग मधल्या वेळात तीन तास पंख्याखाली बसायचं, पिक्चर कुठला का असेना. रिकामी पाटी पायाशी ठेवायच्या. त्यामुळे मला आजही कोथिंबिरीचा वास आला की आधी अंधार आठवतो, आणि मग पडद्यावर रडणारी नायिका. त्यांचं पिक्चर बघणं पण बघण्यासारखं असायचं. खलनायक मागून यायला लागला की एखादी मोठ्याने ओरडायची, "अगं बये मागं बघ की!" आणि नायिकेने नाही बघितलं की वैतागून, "जा मर मग." आत्या पदर तोंडाला लावून हसायची. ती एरवी घरात कधी अशी हसलेली मला आठवत नाही.

आणि ती बाटली. एकदा इंटरव्हलला कुणीतरी गोल्डस्पॉट प्यायलं आणि रिकामी बाटली खुर्चीखाली ठेवली. पुढे एकदम सीरियस सीन, म्हातारा बाप मरायला टेकलाय, पोराला जवळ बोलावतोय, थेटरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि कुणाचा तरी पाय लागला. बाटली निघाली. उतारावरनं खुर्च्यांच्या पायांमधनं खड खड खड करत, मधेच थांबायची, लोकांना वाटायचं संपलं, परत सुटायची. बाप मेला तरी ती चालूच. शेवटी पडद्याखालच्या भिंतीला टण्ण करून लागली आणि अख्ख्या थेटराने टाळ्या वाजवल्या. पिक्चर कुठला होता विचाराल तर शपथ आठवत नाही, बाटली मात्र कालच गेल्यासारखी.

प्रोजेक्टरच्या खोलीचं फार आकर्षण होतं. मागे वर ते चौकोनी भोक आणि त्यातून येणारा धुरकट झोत. तेव्हा दिव्याला बल्ब नसायचा, कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींजवळ आणून ठिणगीचा उजेड करायचे, त्या जळत जळत आखूड व्हायच्या आणि ऑपरेटरला सारख्या पुढे सरकवायला लागायच्या. त्याचं लक्ष चुकलं की पडदा पिवळट पडायचा आणि खालून बोंब, ए लाईऽऽट! रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती क्षणभर एक ठिपका चमकायचा, तो ऑपरेटरसाठी इशारा, की दुसरं मशीन चालू कर. हे मला आत्याने सांगितलं होतं, तिला कुणी सांगितलं देव जाणे. त्यानंतर मी निम्मा पिक्चर ठिपक्याची वाट बघत घालवायचो. कधीकधी एकच प्रिंट दोन थेटरांत चालायची, तिकडचं रीळ संपलं की पोऱ्या सायकलवर डबा घेऊन इकडे यायचा. वाटेत पंक्चर झालं की इकडे पब्लिक शिट्ट्या मारत बसलेलं.

आता सगळंच काही गोड गोड नव्हतं हं. ढेकणांचं सांगत नाही, एका थेटरात तर असे चावायचे की घरी गेल्यावर आई अंगणातच कपडे उतरवून घ्यायची. थेटराचं नाव घेत नाही, मालकांची नातवंडं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये असायची. मुतारीबद्दल तर बोलायलाच नको. हे जे लोक लिहितात ना की काय ते सोन्याचे दिवस, त्यांना एकदा मे महिन्यात पुढच्या रांगेत मान वर करून तीन तास बसवायला पाहिजे.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. जुन्या थेटरांचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं, मल्टिप्लेक्सने मारलं. अरे कुठलं मल्टिप्लेक्स? देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स दिल्लीत १९९७ ला आलं, तोवर आर्यन जाऊन चौदा वर्षं झाली होती. टीव्हीने मारलं म्हणावं तर थोडं पटतं. पुण्यात टीव्ही आला १९७३ ला, सिंहगडावरच्या टॉवरमुळे, आणि रविवारी संध्याकाळी वाड्यात ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी चाळीस माणसं, त्याची बायको चहा करून करून मेटाकुटीला. नंतर ब्याऐंशीला रंगीत आला, व्हिडिओ आले. हो, फरक पडला. पण आर्यनच्या जागी काय उभं राहिलं ते बघा की. टीव्हीचं दुकान नाही, मॉल नाही, पार्किंग! मला विचाराल तर आर्यन आपल्या गाड्यांनी खाल्लं.

पुणं सायकलींचं गाव होतं. थेटराला लोक चालत यायचे नाहीतर सायकलवर, स्टँडवाला खडूने सीटवर नंबर लिहायचा आणि एका बोळात दोनशे सायकली मावायच्या. मग आकुर्डीच्या बजाजच्या स्कूटरी आल्या, बहात्तरला लुना मोपेड आली, आणि बघता बघता मंडईत पाय ठेवायला जागा नाही अशी अवस्था. आमच्याकडे पण लुना आली, १९८१ ला. नाव कशाला ठेवा, मी स्वतः हार घालून तिचा फोटो काढलाय. वडील लुनावर मंडईत जायचे आणि रोज घरी येऊन एकच तक्रार, अरे गाडी लावायला जागाच नाही, काहीतरी केलं पाहिजे. आख्खं पुणं हेच म्हणत होतं. मग केलं काहीतरी. आता रडायचं कशाला?

आणि आत्या? लुना आल्यावर वडील म्हणाले चल तुला डेक्कनला सोडतो, नटराजला, तिथलं थेटर चांगलंय. म्हणजे ते नटराज नाही म्हणायचे, मरेपर्यंत हिंदविजयच म्हणाले, नाव बदलून जमाना झाला तरी. आत्या दोनदा गेली असेल. नंतर म्हणाली, नको रे, तिथे कोणी बोलत नाही.

आता नटराज पण नाही, तिथे मॉल आहे. भिकारदास मारुतीपासून रिक्षा केली आणि "किबे लक्ष्मी" म्हटलं तर रिक्षावाला आरशातून बघतो, प्रभात म्हटलं की लगेच मीटर टाकतो. १९३४ चं ते थेटर, मूळ नाव किबे लक्ष्मीच, आता परत तेच लावलंय, पण ऐकतं कोण. टिळक चौकाला टिळक चौक फक्त विसर्जनाच्या बातमीत म्हणतात, एरवी अलका, तिथल्या थेटरावरनं. नीलायमचा तर पूलच. या गावात माणसाच्या नावाचा चौक चार वर्षांत विसरतील पण थेटराचं नाव पत्त्यातून काढून दाखवा.

परवा निघताना वर गेलो गाडी काढायला. मंडई मेट्रो झाल्यापासून गर्दी कमी होईल म्हणत होते, कसली कमी, दोन गाड्यांमधून पोट आत घेऊन जावं लागलं. तिथे उभं राहून अंदाज घेत होतो की पडदा नक्की कुठल्या बाजूला असेल, तेवढ्यात मागून पार्किंगवाला पोरगा ओरडला, "ओ काका, काढा ना लवकर, मागं लाईन लागलीय!" सूर अगदी तसाच, आमच्या डोअरकीपरचा. मुलगी म्हणाली बाबा चल ना, काय बघतोयस. म्हटलं काही नाही, बाटली कुठपर्यंत गेली असेल ते बघतोय. तिला गाडीवर बसल्या बसल्या पूर्ण गोष्ट सांगितली, शनिपारापर्यंत पुरली.

कुणाकडे आर्यनचा आतला फोटो असेल तर टाका रे. बाहेरचा नको, आतला. खेळ चालू असतानाचा तर अंधारात कुणी काढला नसणार म्हणा, पण इंटरव्हलचा असला तरी चालेल, खुर्च्या दिसल्या पाहिजेत.