तळ्याकाठी, म्हणजे तळ्याच्या वर

इटलीतल्या तळ्याकाठच्या गावाचा फोटो कायम बोटीतून काढलेला असतो. पिवळी, गुलाबी, गेरूच्या रंगाची घरं, हिरव्या झडपांच्या खिडक्या, मध्ये एक चर्चचा मनोरा आणि सगळ्यांच्या पायाशी निळंशार पाणी. घरं एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत असतात. ती अशी का डोकावतायत, हा प्रश्न तिकिटं काढेपर्यंत कुणाला पडत नाही. जागा नाही म्हणून डोकावतायत, दुसरं काय!

कोमोचं तळं हिमनदीने डोंगर खरवडून केलेलं आहे. पाणी ४०० मीटरहून खोल, आणि वारेन्ना गावाच्या मागे उभा असलेला ग्रिन्या डोंगर २,४०० मीटरच्या वर. या दोघांच्या मधल्या फटीत जेवढं सपाट उरलं तेवढ्यावर गावकऱ्यांनी चर्च बांधलं, चौक केला, मग रस्ता आणि रेल्वे आली. माणसांच्या वाट्याला पायऱ्या आल्या.

आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. नवरा इंजिनियर आहे, म्हणजे सहलीला एक्सेल शीट घेऊन जातो. वारेन्नातलं घर त्यानेच शोधलं. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘पारंपरिक घर, तळ्याचा देखावा, धक्क्यापासून चालत ३ मिनिटं.’ कुणी चालत, ते लिहिलं नव्हतं.

मिलानच्या मोठ्या स्टेशनातून तासाभराची गाडी. कागदी तिकीट काढलं असेल तर चढण्याआधी ते फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड. नवऱ्याने तीनही तिकिटांवर शिक्के उठवले, मग उठले की नाही ते तपासलं, मग सासूबाईंनी तपासलं. गाडीत डावीकडे बसायचं हेही शीटमध्ये होतं, कारण तळं डावीकडे दिसतं. अख्ख्या डब्याच्या शीटमध्ये तेच असावं. आम्हाला उजवीकडे जागा मिळाली आणि तासभर आम्ही लोकांच्या कानांच्या मधून तळं पाहिलं.

सामानाबद्दल सांगायलाच हवं. सासूबाईंच्या निळ्या बॅगेत चिवडा, मेतकूट, कैरीचं लोणचं, चहापूड, बासमती तांदूळ आणि भात शिजवायचा विजेचा कुकर होता. कपडे माझ्या बॅगेत होते. घरमालकिणीने पाठवलेला रस्ता स्टेशनवरून आधी खाली बोटींच्या धक्क्यावर, तिथून पाण्याला चिकटून गेलेल्या वाटेने गावात, आणि मग वर, असा होता. पाण्याकाठची ती वाट प्रेमिकांची वाट म्हणून प्रसिद्ध आहे. लाल कठडा, खाली लाटा, वर वेली. आम्ही तिच्यावरून एका ओळीत, चार बॅगा ओढत, एकमेकांशी न बोलता गेलो.

मग ते बोळ आले. वारेन्नात तळ्यापासून वरच्या रस्त्यापर्यंत असे दगडी पायऱ्यांचे अरुंद बोळ चढत जातात, त्यांना कोंत्रादा म्हणतात. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, मध्ये गोट्यांची फरसबंदी. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. काही पायऱ्या उताराच्या, काही उतार पायऱ्यांचे. बॅग ओढावी तर चाकं खडखडाट करतात आणि वरच्या खिडक्या उघडतात, उचलावी तर तांदूळ आठवतात. अर्ध्या वाटेत निळ्या बॅगेचं एक चाक निघालं आणि एकटंच परत निघालं. प्रत्येक पायरीच्या कडेला क्षणभर थबकायचं, पुढे जाऊ की नको असं केल्यासारखं करायचं, आणि टुणकन खाली. तळाशी फोटो काढत बसलेल्या एका तरुण जोडप्याने ते अडवलं, त्याचा फोटो काढला आणि वर आणून दिलं. दोघांनाही जरासुद्धा दम लागला नव्हता. चाक गेल्यापेक्षा मला त्याचा राग जास्त आला.

या तळ्याकाठी सुमारे १,९०० वर्षांपूर्वी धाकटा प्लिनी या रोमन लेखकाची घरं होती. तो मूळचा कोमोचाच. त्यातल्या दोन लाडक्या घरांना त्याने नावं दिली होती, एक ट्रॅजेडी आणि दुसरं कॉमेडी. शोकनाटकातले नट उंच टाचांचे जोडे घालत, म्हणून खडकावरचं घर ट्रॅजेडी. विनोदी नटांच्या चपला सपाट, म्हणून पाण्याला टेकलेलं घर कॉमेडी. वरच्या घरातून मासे धरणारे दिसतात, खालच्या घरात जवळजवळ पलंगावरूनच गळ टाकता येतो, असं त्याने एका मित्राला पत्रात कळवलं आहे. हे सगळं नवऱ्याने मला पायरीवर बसून सांगितलं. त्याला श्वास घ्यायला निमित्त हवं होतं. आमचं घर कुठलं, हे मी विचारलं नाही.

घरमालकीण दारात हसत उभी होती. तिने किल्ल्यांचा जुडगा दिला, गावाचा पर्यटन कर रोख मोजून घेतला आणि खिडकी उघडली. देखावा होता. नाही म्हणणार नाही. समोर बेल्लाजोचं टोक, जिथे तळ्याचे दोन पाय फुटतात, पलीकडे मेनाज्जो, मागे बर्फाची रेघ. सासूबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “छान आहे. जेवण कुठे मिळेल?”

दुपारचे तीन वाजले होते. इटलीत दुपारी तीन वाजता भूक लागणं हा शिष्टाचारभंग आहे. स्वयंपाकघर अडीचला बंद होतं ते सात-साडेसातला उघडतं, आणि मधल्या वेळात वेटर तुमच्याकडे असं बघतो की जणू तुम्ही त्याच्या घरी रात्री दोन वाजता बेल वाजवलीत. त्याचं बरोबर असेल. पण ठाण्याच्या माणसाला चार वाजता काहीतरी लागतं, त्याला कुणाचा इलाज नाही. धक्क्याजवळच्या एका टेबलावर आम्ही तीन लिंबू सोडा मागवले, तर सोबत वेफर आणि ऑलिव्हच्या वाट्या आल्या. “फुकट?” सासूबाईंनी विचारलं. नवऱ्याने सोड्याची किंमत रुपयांत सांगितली. त्यांनी शांतपणे तिन्ही वाट्या संपवल्या आणि चौथी मागवली. रात्री जेवताना बिलात माणशी कोपेर्तो लागला, म्हणजे टेबलाशी बसल्याचे पैसे. “मग दुपारी फुकट बसवलं त्यांनी, चांगले आहेत,” हा त्यांचा निष्कर्ष.

त्या रात्री पायऱ्या चढून आल्यावर सासूबाईंनी पलंगावर बसून बूट काढले आणि जाहीर केलं, “मी रोज सकाळी एकदा उतरणार आणि रात्री एकदा चढणार. मधलं तुमचं तुम्ही बघा.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साडीवर स्वेटर, पायात पांढरे बूट अशा थाटात धक्क्याजवळच्या बाकावर जाऊन बसल्या.

आमची शीट सुरू झाली. बेल्लाजोला पंधरा मिनिटांची बोट. उतरलं की समोर सालिता सेर्बेल्लोनी, जगातल्या प्रत्येक कॅलेंडरवर असणारी गल्ली. म्हणजे पुन्हा पायऱ्या. दोन्ही बाजूंना रेशमाची दुकानं, कारण कोमो हे रेशमाचं गाव. मी एका स्कार्फला हात लावला, किमतीची चिठ्ठी वाचली आणि पुढची पायरी चढले. लास वेगासमध्ये बेल्लाजोच्याच नावाचं हॉटेल १९९८ मध्ये उघडलं. तिथलं तळं खोटं आहे म्हणून लोक नाकं मुरडतात, पण लिफ्ट खऱ्या आहेत हे कुणी बोलत नाही.

मग फ्युमेलात्ते. ही वारेन्नाच्या शेजारची नदी, लांबी साधारण २५० मीटर. दुधासारखं फेसाळत डोंगरातून निघते आणि लगेच तळ्यात जाते. वर्षातले काही महिने तर निघतच नाही. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांतही तिचा उल्लेख आहे. नवऱ्याच्या म्हणण्यानुसार मुखापासून उगमापर्यंत अख्खी नदी पायी पाहण्याची संधी आयुष्यात एकदाच येते. खरं आहे. फक्त ती नदी सरळ उभी आहे.

विला मोनास्तेरो मात्र मला आवडली, आणि त्याचं कारण मी लपवणार नाही. तिची बाग पाण्याच्या कडेकडेने लांबच लांब गेली आहे आणि बरीचशी सपाट आहे. पूर्वी मठ होता, आता १९५३ पासून तिथे उन्हाळ्यात भौतिकशास्त्राची शाळा भरते. १९५४ च्या उन्हाळ्यात एन्रिको फर्मीने तिथे व्याख्यानं दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गेला, म्हणून शाळेला आता त्याचं नाव. नवरा वर्गाच्या दाराशी हात जोडून उभा राहिला. मी लिंबाच्या झाडाखाली पाय पसरून बसले. गुरुत्वाकर्षणावर माझा अभ्यास तोवर पुष्कळ झाला होता.

शेवटचा घाव व्हेत्सियोच्या किल्ल्याने घातला. वरती शिकारी ससाणे आहेत आणि अंगणात, कठड्यांवर, झाडांखाली प्लास्टरची पांढरी भुतं बसवून ठेवली आहेत, डोक्यावरून पदर घेतलेली, खाली मान घातलेली. खेचरांच्या जुन्या वाटेने चढून आल्यावर आम्ही दोघं त्यांच्याच रांगेत, तसंच मान खाली घालून बसलो. मी उन्हासाठी पांढरी ओढणी डोक्यावरून घेतली होती. एक बाई आल्या, त्यांनी आम्हाला दोन बाजूंनी टिपलं. नवरा शिंकल्यावर त्या जेवढ्या जोरात किंचाळल्या, तेवढा आवाज ससाण्यांनीही कधी काढला नसेल.

दरम्यान खाली बाकावर सासूबाईंचं संस्थान उभं राहत होतं. धक्क्यावर गावातल्या म्हाताऱ्यांची रोजची बैठक असते. पहिल्या दिवशी सासूबाई बाकाच्या टोकाला होत्या, मग मध्ये आल्या. संध्याकाळी आम्ही लंगडत आलो की त्या आम्हाला बातम्या देत. सकाळी उत्तरेकडून वाहतो तो वारा तिवानो आणि दुपारी दक्षिणेकडून येतो तो ब्रेवा. ब्रेवा सुटायच्या आधी काळ्या कपड्यांतल्या आजीबाई डोक्याला रुमाल बांधत, तशी सासूबाईंनी पदर कानावरून घेऊन खोचायला सुरुवात केली. नवऱ्याकडे हवामानाचं ॲप होतं. त्याची टोपी ब्रेवाने नेली, ती बहुधा आता तळ्याच्या उत्तर टोकाला, कोलिकोला पोचली असेल.

मासळीचा शोधही त्यांचाच. पास्ता आणि टोमॅटो खाऊन आम्ही कंटाळलो होतो. एका दुपारी खालच्या हॉटेलातून निखाऱ्यावर काहीतरी भाजल्याचा वास आला आणि सासूबाई बाकावरून उठल्या. मुरुडच्या माहेरवाशिणीला हा वास ओळखायला वेटर लागत नाही. मिसोल्तिनी म्हणजे या तळ्यातले आगोने नावाचे मासे, मीठ लावून उन्हात वाळवायचे, तमालपत्राच्या थरांत डब्यात दाबून ठेवायचे आणि लागतील तसे भाजून, वर व्हिनेगर शिंपडून पोलेंताबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीबरोबर खायचे. सासूबाईंनी पहिला घास घेतला, काटा अंगठ्याने बाजूला केला आणि म्हणाल्या, “सुकटच की! एवढ्या लांब येऊन सुकट!” तक्रार नव्हती ती. दुसरी थाळी त्यांनी वेटरला दोन बोटं दाखवून मागवली. सोबत हातात लोणच्याची बाटली होती, पर्समधून कधी निघाली ते कुणाला दिसलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी त्यातलं लोणचं चाखलं, डोळे मिटले, आणि पुन्हा चमचा पुढे केला.

निघायच्या आदल्या रात्री मी आणि नवरा चार बॅगा खाली कशा न्यायच्या याचा हिशेब करत होतो. एक चाक कमी, गाडी सकाळची. सासूबाई पलंगावर मोजे वळत म्हणाल्या, “खाली कशाला न्यायच्या? मागच्या दाराने काढा.”

“कुठलं मागचं दार?”

“ते काय, फ्रीजशेजारचं. चार पायऱ्या चढलं की गावचा रस्ता. घरमालकीण त्यातूनच येते-जाते. मला बाकावरच्या आजीने हाताने काढून दाखवलं सगळं.”

आम्ही ते अडगळीच्या खोलीचं दार समजत होतो. जुडग्यातली न लागणारी किल्ली त्याला लागली. बाहेर डांबरी रस्ता होता, सपाट, दिवे लागलेला, आणि त्यावरून एक माणूस सायकल हातात धरून शीळ घालत चालला होता. नवऱ्याने लॅपटॉप उघडला आणि बंद केला.

सकाळी त्या दाराशी एक तीनचाकी टेम्पो उभा होता. हीच पियाज्जो कंपनी हाच टेम्पो आपल्या बारामतीत बनवते, हे नवऱ्याने ड्रायव्हरला इंग्रजीत, मग हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला. ड्रायव्हर म्हणजे आजीबाईंचा नातू. त्याने पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी उरलेला चिवडा त्याच्या हातात कोंबला आणि रिकाम्या झालेल्या निळ्या बॅगेत मिसोल्तिनीची पाकिटं भरली.

गाडीत या खेपेला तळ्याच्या बाजूला जागा मिळाली, पण सासूबाई माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. आजीबाईंना दोन मुली. एक लेक्कोला दिलीय, जावई बँकेत आहे. दुसरी मिलानला, तिचं काही खरं नाही. नातवाचं लग्न सप्टेंबरात, मुलगी आजीला पसंत नाही.

“पण आई, तुम्हाला इटालियन कुठे येतं?”

“त्यात यायचंय काय? लेक्कोकडे बोट केलं, गळ्यापाशी हात नेऊन मंगळसूत्र दाखवलं, मला कळलं. मी ठाण्याकडे बोट केलं, तिला कळलं.”

“ठाण्याबद्दल काय सांगितलंत?”

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. “बघ गं, तळं केवढं मोठं आहे नाही?”