शेवटची गाडी आणि आपली शहाणी मंडळी

आज सकाळी टोकियोतल्या आपल्या निशी-कासाईच्या भारतीय मंडळींच्या ग्रुपवर, शेवटची गाडी चुकलेल्या एका नवीन पोरानं टॅक्सीच्या बिलाचा फोटो टाकला. शिंजुकू ते निशी-कासाई, आठ हजार येनच्या वर. खाली हसऱ्या इमोजींची रांग आणि "वेलकम टू टोकियो!" डोकंच सणकलं. गणपतीची वर्गणी, डाळी कुठे स्वस्त, सगळं न विचारता सांगतो आपण. रात्री घरी कसं यायचं, हे कुणी सांगितलं त्याला?

"टोकियो कधी झोपत नाही" म्हणणाऱ्या रीलवाल्यांना तर कोपरापासून नमस्कार. शहर जागं असतं हो, गाड्या झोपतात! रात्री साडेबारा-एकच्या सुमारास बंद, त्या थेट पहाटे साडेचार-पाचला सुरू. त्यात शिंजुकूहून आपल्याकडे थेट गाडी नाही. सोबू लाईननं ईदाबाशी किंवा तोएई शिंजुकू लाईननं कुदानशिता, आणि तिथून आपली तोझाई लाईन. म्हणजे वेळ बघायची ती तोझाईच्या शेवटच्या गाडीची, शिंजुकूच्या नव्हे. शिवाय रात्री उशिराच्या काही गाड्या अलीकडच्या तोयोचो स्टेशनलाच संपतात. आपलं स्टेशन तिथून फक्त दोन स्टेशनं पुढे, पण मध्ये अराकावा नदी आडवी.

टॅक्सीवाल्यानं लुबाडलं म्हणणाऱ्यांनी गणित बघा. पहिल्या 1.096 किलोमीटरला 500 येन, पुढे दर 255 मीटरला 100, आणि रात्री 10 ते पहाटे 5 वीस टक्के जादा. मीटर बरोबरच होता.

पोराचं चुकलं कुठे? दहाला बसले आणि 120 मिनिटांचं नोमिहोदाई, म्हणजे ठरलेल्या पैशांत वेळ संपेपर्यंत कितीही प्या, घेतलं. लास्ट ऑर्डर साधारण अर्धा तास आधी, म्हणजे साडेअकराला. तिथेच उठायचं असतं. पण पैसे भरलेत म्हणून आपली मंडळी शेवटचा ग्लास मागवणार, बाराला बिल येणार, मग "ओतोशीचे चारशे कशाचे, आम्ही मागवलंच नव्हतं" यावर चर्चासत्र. अरे, ती बसण्याचीच फी आहे, तिच्याबरोबर वाटीभर काहीतरी देतात इतकंच. शाकाहाऱ्यांनी ती वाटी बाजूला सारावी, माशाचं दाशी, म्हणजे माशाचं पाणी, असतंच बहुतेक. त्यानंतर प्रत्येकाचा हिशोब येन-येनपर्यंत. गाडी थांबते होय?

बरं, पोरानं मोबाईलवर वेळ बघायला हवी होती, मान्य. ट्रेनच्या जपानी ॲपमध्ये 'शूदेन'चं, म्हणजे शेवटच्या गाडीचं, वेगळं बटण असतं, ते दाबलं की शेवटचा जोडमार्ग समोर. पण ते बटणही कुणीतरी दाखवावं लागतं ना?

गाडी चुकलीच तर घाबरायचं नाही. एवढ्या रात्री एकटा कसा उभा असेल तो तिथे, याचंच वाईट वाटतंय मला. कराओकेची खोली पहाटे पाचपर्यंत मिळते, शुक्रवार-शनिवारी महाग आणि एक ड्रिंक बहुधा सक्तीचं. मांगा कॅफेचा, म्हणजे कॉमिक्स वाचत रात्र काढायच्या कॅफेचा, नाईट पॅक टॅक्सीच्या निम्म्याहून कमी पैशांत होतो, तिथे ओळखपत्र मागू शकतात. रेसिडेन्स कार्ड खिशात असायलाच हवं, कायदाच आहे. कॉइन लॉकर स्टेशनच्या आत असेल तर शटर पडल्यावर बॅग पहाटेपर्यंत विसरा.

आणि काबुकिचोत, शिंजुकूच्या त्या बारच्या गल्ल्यांत, गोड इंग्रजी बोलत "फक्त तीन हजार, कितीही प्या" म्हणणाऱ्याच्या मागे जायचं नाही. नाही म्हणजे नाही! तिथे रस्त्यावर लाउडस्पीकर ओरडून तेच सांगत असतात. आत गेलात की टेबल चार्ज, सर्व्हिस चार्ज, आणखी कसला चार्ज, आणि कार्डावर लाखाचा आकडा.

एक गोष्ट मात्र आपल्यातले जुनेजाणतेही करतात. प्यायल्यावर स्टेशनवरून सायकलनं घर. "दहा मिनिटांचं तर अंतर." नोव्हेंबर 2024 पासून श्वासात ठरावीक प्रमाणाच्या वर दारू सापडली तर सायकलवाल्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. प्यायलेल्याला सायकल देणाराही अडकतो. हातात धरून चालत न्या, त्याला कुणी अडवत नाही.

पुढच्या शुक्रवारी वेलकम पार्टी ठरतेय म्हणे, पुन्हा शिंजुकूलाच. कशाला? मोनझेन-नाकाचोला ठेवा. इझाकायांची, म्हणजे जपानी खाण्यापिण्याच्या बारची, रांग आहे तिथे, तोझाई लाईनवरच, निशी-कासाई चौथं स्टेशन. गाडी चुकली तरी टॅक्सी तीन-साडेतीन हजारांत, चौघांत वाटून घ्या. आणि त्या पोराकडून वर्गणी घेऊ नका.