तेरा पायऱ्या, पंधरा फ्लोअर

उदगीरकडच्या एका गावात नानांचा वाडा आहे. तो मोजायला मला एक दिवस लागला, कॉम्प्युटरवर उभा करायला दोन. जिन्यानं तीन आठवडे खाल्ले.

नानांचा मुलगा पुण्यात असतो. वाड्याची डागडुजी करायची तर आधी थ्रीडी मॉडेल पाहिजे, असं त्यानं फोनवर सांगितलं. मी लातूरची आर्किटेक्ट. नानांच्या लेखी इंजिनेरच.

जिना भिंतीत आहे. तीन हात जाड भिंत असली की जुनी माणसं तिच्यात कोनाडे काढत, फडताळं बसवत, आणि एवढं करून जागा उरलीच तर जिना. आत अंधार. एका हातात मोबाईलची बॅटरी, दुसऱ्यात टेप, वही दातात धरून मी पायऱ्या मोजत होते. खालून नानांचा आवाज आला, "काय मोजूलालाव ताई एवढं? एक पायरी मोजा अन् तेरानं गुणा की!"

"नाना, पायऱ्या सारख्या नाहीत."

"त्या कशाला सारख्या असतील?"

पहिली पायरी ७५ मिलिमीटर. पायरी कसली, उंबरठ्याची धाकटी बहीण. नाना म्हणाले, ती मुळात चांगली उंच होती. मग खाली शहाबादी फरशी बसवली, तिच्यावर पुन्हा एकदा बसवली आणि पायरी बुडाली. शेवटची ३४० मिलिमीटर. तिची गोष्ट उलटी. माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायची. वाडा असा दरसाल बोट-बोट वाढत गेला आणि जिना तिथंच राहिला. "किल्लारीचा भूकंप झाला ना १९९३ ला, तवा वडिलांनी निम्मी माती उतरवली. न्हाईतर दोन फुटाची होती ती पायरी."

मधे वळणावर तीन तिकोनी पायऱ्या. आणि सातवी. सातवी २९० मिलिमीटर उंच, पाऊल ठेवायला जेमतेम १८०, आणि नेमकी तिच्यावर तुळई आडवी आलेली. म्हणजे पाय उचलायचा तिथंच मान खाली घालायची. मी पाय उचलला. नाना खालून म्हणाले, "लागलं ना? सगळ्यांनाच लागतं. मुद्दाम केलीय, चोरासाठी."

"कुणी चोर पडला का कधी?"

"चोर न्हाई आला अजून. दोन जावई पडले."

आता सॉफ्टवेअर. त्याला खालची पातळी सांगायची, वरची सांगायची, मधला भागाकार ते स्वतः करतं. उंची ३०८० मिलिमीटर. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरातल्या पायरीचा चढ १९० पेक्षा जास्त नको. त्यानं झटकन १७ पायऱ्या काढल्या, प्रत्येकी १८१ मिलिमीटर. मी १३ टाकल्या, तर इशाऱ्याची पिवळी पाटी आली. मर्यादाच वाढवून ३५० केली, तेव्हा तेरा दिल्या, पण सगळ्या २३७ च्या. सातवी २९० आहे हे सांगायला जागाच नाही. चढाचा रकाना राखाडी. त्यावर मी इतक्यांदा क्लिक केलं, की शेजारच्या टेबलावरच्या पोरानं माऊस बिघडला का म्हणून विचारलं. वर भरीला सॉफ्टवेअरनं दोन्ही बाजूंनी चकचकीत स्टीलचं रेलिंग लावून दिलं, न मागता. ते अर्धं भिंतीत, अर्धं शेजारच्या देवघरात निघालं.

पायरीचा दुप्पट चढ अधिक तिची रुंदी म्हणजे माणसाचं एक पाऊल, साधारण ६०० ते ६४० मिलिमीटर, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. हा हिशेब ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच माणसानं १६७५ च्या सुमारास मांडला. सातव्या पायरीचा हिशेब ७६० येतो. ब्लाँदेल तिसरा जावई ठरला असता.

शेवटी कंटाळून त्या १७ सारख्या पायऱ्यांचंच मॉडेल लॅपटॉपवर घेऊन गेले. म्हटलं, नाना कुठं मोजतायत. नानांनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट टेकवून मोजायला लागले, "इंद्र, यम, राजा... इंद्र, यम, राजा..." सतरावी यमावर आली; जुन्या हिशेबात शेवटची पायरी यमावर येणं अशुभ. नानांनी चष्मा काढला. "ताई, आमची तेरावी इंद्रावर येते." संहिता पाळावी तर यम, नाही पाळली तर पिवळी पाटी. मग मी कॅमेरा जिन्यातून वर नेऊन दाखवला. तो अलगद माळवदावर पोचला. नाना बराच वेळ बघत राहिले.

"डोकं कुठं लागलं?"

"नाही लागलं."

"मंग हा आमचा जिना न्हाई."

परत आल्यावर मी जिन्याचं टूल बंद केलं. प्रत्येक पायरी म्हणजे एक स्वतंत्र फ्लोअर, असं समजून तेराही वेगवेगळ्या काढल्या. तिकोनी हातानं कातरल्या. भिंत कुठंच गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही, त्यामुळे एका पायरीची रुंदी दुसरीच्या कामी आली नाही. नववीजवळ दिव्याचा कोनाडा होता, तोही घातला; काजळी तेवढी राहिली. सॉफ्टवेअरनं एकदाही पाटी दाखवली नाही. फक्त साहित्याची यादी काढली तेव्हा तळ आणि माळवद धरून त्या वाड्याला पंधरा फ्लोअर निघाले. एकमजली वाडा. अख्ख्या पंचक्रोशीत एवढी उंच इमारत नाही.

फाईल पुण्याला पाठवली. तासाभरात फोन. "मॅडम, जिन्यात काहीतरी एरर आहे. स्टेप्स अनइक्वल दिसतायत." मी म्हटलं, तुम्ही याच जिन्यावर लहानाचे मोठे झालात ना? तो थोडा थांबला. म्हणाला, "हो, पण तेव्हा मोजलं नव्हतं." मग स्वतःच म्हणाला, "सातवीला तुळई दाखवली का?"

दाखवली.

आमच्या अपार्टमेंटला लिफ्ट आहे, पण दुपारी लाईट जाते, मग जिनाच. सगळ्या पायऱ्या एकसारख्या, ग्रॅनाइटच्या, वर भरपूर उजेड. तरी सातवीला माझी मान आपोआप खाली जाते आणि पाय वीतभर जास्त उचलला जाऊन धपकन खाली येतो. परवा समोरच्या काकूंनी हटकलंच, "मानेला काय झालंय गं? तेल लावून देऊ का?"