प्रणवला मोठं करायला कॉलिन्सला छोटं कशाला करता?

शालेय क्रिकेटमध्ये एका डावात हजारावर धावा काढणाऱ्या कल्याणच्या प्रणव धनावडेचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास येतो. सार असं: प्रणवनं मोडलेला ६२८ धावांचा विक्रम पोकळच होता. ए. ई. जे. कॉलिन्स नावाचा कुणी इंग्लंडात जन्मलेला मुलगा पाच दिवस रेंगाळत खेळला, मैदान हातभर, त्यामुळे चौकारांची खैरात. नंतर त्यानं बॅटला हातही लावला नाही आणि प्रथम श्रेणीचा सामना तर कधीच खेळला नाही.

कल्याणच्या पोराचं कौतुक मलाही आहे. सव्वातीनशे चेंडूंत नाबाद १००९ ही काय गंमत आहे? पण म्हणून दुसऱ्याच्या नावावर वाट्टेल ते खपवायचं?

जन्माचं आधी उरकू. कॉलिन्स १८८५ साली आपल्याकडेच, हजारीबागला जन्मला. वडील इथेच न्यायाधीश होते. शाळेत दाखल होईपर्यंत त्याचे आईवडील दोघेही वारले होते.

आता ते ‘पाच दिवस’. सामना ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेज या शाळेतल्या दोन हाऊसमधला (हाऊस म्हणजे शाळेतले विद्यार्थ्यांचे गट), क्लार्क्स हाऊस विरुद्ध नॉर्थ टाऊन, २२ जून १८९९ ला सुरू झालेला. शाळा सांभाळून दुपारी खेळायचं, म्हणून डाव चार दुपारी पुरला. प्रत्यक्षात कॉलिन्स खेळपट्टीवर होता सहा तास पन्नास मिनिटं. म्हणजे तासाला नव्वदच्या वर धावा, त्याही तेरा वर्षांच्या मुलाच्या. याला रेंगाळणं म्हणत असतील तर धन्य आहे.

चौकारांची खैरात तर मुळीच नाही. मैदान वेडंवाकडं होतं हे खरं. एका बाजूची सीमा जवळ होती, पण तिकडे चेंडू गेला तर दोनच धावा मिळायच्या. दुसरीकडे उतार, तिथे जेवढं पळाल तेवढ्या. त्याच्या धावांची फोड बघा: एक षटकार, चार पंचे, ३१ चौकार, ३३ तिऱ्या, १४६ दुऱ्या आणि ८७ एकेरी. करा बेरीज, ६२८ येतात. चौकार-षटकारांच्या मिळून जेमतेम १३०. उलट प्रणवच्या १२९ चौकार आणि ५९ षटकारांच्याच ८७० होतात. सीमारेषेचा मुद्दा काढायचाच असेल तर तो कुणाच्या अंगावर उलटतो?

गंमत म्हणजे कॉलिन्सवर घ्यायचे खरे आक्षेप या मजकुरात नाहीतच. नॉर्थ टाऊनची पोरं ८७ आणि ६१ मध्ये गारद झाली. त्यांतले अकरा बळी कॉलिन्सनेच घेतले. सामना एक डाव आणि ६८८ धावांनी संपला, यावरून गोलंदाजी कसली असेल ते समजा. त्याचे झेलही सुटले, तेही एकदा नव्हे. एका गुणलेखकानं तर ‘६२८, वीस इकडे-तिकडे धरा’ असं म्हटल्याचं सांगतात. धरले वीस कमी, तरी ए. ई. स्टॉडर्ट या इंग्लिश फलंदाजाचा त्याआधीचा, १८८६ चा ४८५ धावांचा विक्रम फार मागे राहतो. आणि शेवटच्या जोडीच्या १८३ धावांत रेडफर्न या जोडीदाराच्या फक्त तेरा होत्या, हे चोपडीत आहे.

राहिलं ‘बॅटला हातही लावला नाही’. कॉलिन्स लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये गेला. १९१३ मध्ये लॉर्ड्सवर रॉयल आर्टिलरीविरुद्ध त्यानं ५८ आणि ३६ धावा काढल्या. पुढच्याच वर्षी, ११ नोव्हेंबर १९१४ ला, पहिल्या महायुद्धातल्या ईप्रच्या लढाईत तो मारला गेला, वय २९. तो पंधरा-वीस वर्षं घरी बसला होता असं ज्यांना वाटतं त्यांनी ही तारीख बघावी.

प्रथम श्रेणीचा एकही सामना त्याच्या नावावर नाही, हे बाकी खरं. मजकुरातलं तेवढं वाक्य राहू द्या.