रिकाम्या दिवसाचा फोटो कोणी टाकत नाही

आज पहाटे साडेपाचपासून साडेअकरापर्यंत पाण्यावर होते. सहा तास. पाच वेळा आमिष बदललं, ओळखीचे सगळे कोपरे धुंडाळले आणि हात हलवत परत आले. एकदा दोर किंचित जड झाल्यासारखा वाटला, तेवढंच. ओढून पाहिलं तर गवत.

हे मुद्दाम लिहितेय. परवा एका मुलीचा मेसेज आला. तिने याच वर्षी बासच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या एका शिकारी माशाच्या, मागे जायला सुरुवात केली आहे. "ताई, पाच वेळा जाऊन आले, एकदाही काही लागलं नाही. तुमच्या सगळ्यांच्या पोस्टवर सारखे मासे दिसतात. माझं नेमकं काय चुकतंय? सोडून देऊ का?"

वाचून फार वाईट वाटलं. मग मी स्वतःचंच प्रोफाइल वरपासून खालपर्यंत पाहिलं. गेल्या दोन वर्षांतला प्रत्येक फोटो हसरा आणि प्रत्येकात हातात मासा. रिकाम्या हाताने परतले त्यातल्या एकाही दिवसाचा तिथे पत्ता नाही. माझ्या वहीत मात्र ते सगळे दिवस आहेत. वही काढून मोजलं. साधारण दर तीन खेपांमागे एक खेप पूर्ण कोरडी. आणि मी हे पंधरा वर्षं करतेय, तेही बहुतेक वेळा दादाबरोबर, ज्याला पाण्यातलं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगते. आपण जुनी मंडळी कोरडे दिवस झाकून ठेवतो, हा नव्यांवर अन्याय आहे. त्यांना वाटतं सगळ्यांना मिळतंय, फक्त मलाच नाही. आणि ज्या दिवशी काही मिळत नाही त्या दिवशी तलाव जे सांगत असतो, ते ऐकायच्या आधीच ती माणसं गळ गुंडाळून कायमची निघून जातात.

आजचंच घ्या. माझ्या वहीतली सर्वांत जास्त कोरडी पानं एकाच प्रकारच्या हवेची आहेत. आदल्या दिवशी ढग, वारा, पाऊस येऊ घातलेला. त्या दिवशी बास अधाशासारखे खातात. मग रात्रीतून थंड हवेचा पट्टा सरकून जातो आणि सकाळी आभाळ निळंभोर, ऊन लख्ख, वारा पडलेला, पाणी आरशासारखं. आपल्याला वाटतं बाहेर पडायला याहून सुंदर दिवस नाही. बास मात्र गवताच्या दाट जाळीत किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या पोटाशी शिरून बसतो आणि तोंडासमोरून आमिष गेलं तरी हलत नाही.

बरेच जण याचं खापर हवेच्या दाबावर फोडतात. मला ते पटत नाही. हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने बदलला तर तो फरक पाण्याच्या जेमतेम १० सेंटिमीटर उंचीइतका असतो. मासा वीतभर वर-खाली झाला तरी त्याला याहून जास्त फरक सोसावा लागतो. माझा संशय उजेडावर आणि वाऱ्यावर आहे. ढग असले, पाण्यावर लाटा असल्या की आत शिरणारा उजेड कमी होतो, आणि बास हा दबा धरून झडप घालणारा शिकारी. अंधुकपणात त्याचं फावतं. लख्ख उन्हात, स्थिर पाण्यात छोट्या माशांनाही तो लांबून दिसतो. मग तो कशाला बाहेर येईल?

अशा दिवशी एकच गोष्ट थोडीफार चालते. लहान आमिष, अगदी संथ, आणि थेट त्याच्या आडोशात. आज मी ओंडक्याच्या बाजूने आमिष नेत होते तेव्हा दादा म्हणाला, "तू त्याच्या घरावरून जातेयस. घरात शिर." शिरायचा प्रयत्न केला. दोन आमिषं फांद्यांत अडकून गेली.

उन्हाळ्यातली चूक वेगळी असते आणि ती मी एक अख्खा मोसम केली. मला वाटायचं, ऊन तापलं की मासा गार पाण्यासाठी तळाला जात असणार. खोल तलावात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचं कोमट पाणी हलकं, खालचं गार पाणी जड, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू वापरत राहतो आणि वरून नवा पोचत नाही. कित्येक तलावांत ऐन उन्हाळ्यात त्या खालच्या थरात बासला जगण्याइतकाही प्राणवायू उरत नाही. मी नऊ-नऊ मीटरवर आमिष घासत बसले होते आणि मासे त्याच्या निम्म्या खोलीवर, थराच्या वरच्या अंगाला होते. सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर तो थर पुसट पट्ट्यासारखा दिसतो. दादाने बोट ठेवून दाखवला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

चांगल्या दिवसांबद्दल सगळेच लिहितात, मी थोडक्यात आटोपते. संध्याकाळची वेळ, पाण्यावर पाणवनस्पतींचा जाड गालिचा, आणि त्यावरून मी रबरी बेडूक टुणुक टुणुक आणतेय. खालून गालिचा फुगतो, फुटतो, बेडूक दिसेनासा होतो. पाहिल्याबरोबर हात आपोआप झटका मारतो, आणि तीच चूक. दोराला वजन लागेपर्यंत थांबायचं. हे थांबणं शिकायला मला तीन वर्षं लागली. ज्या संध्याकाळी ते पहिल्यांदा जमलं, त्या संध्याकाळी मी काठावर बसून रडले होते.

हरवलेल्या माशाबद्दल मात्र नीट लिहायला हवं, कारण बहुतेकांना त्याबद्दल बोलायलाच आवडत नाही.

रबरी गांडूळ माझं सर्वांत लाडकं आमिष. पुढे बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार वजन, गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच दडवलेलं, म्हणजे गवतात अडकत नाही. तळावरून हळूहळू सरकवायचं. बास ते चावत नाही. तो तोंड एकदम उघडतो, पाण्याचा लोंढा आत शिरतो आणि त्याबरोबर गांडूळही. काठीवर एवढंच जाणवतं, 'टक्', कोणी नखाने टिचकी मारावी तसं. न आवडल्यास तितक्याच झटकन तो ते थुंकूनही टाकतो. म्हणून मी बोटांइतकाच डोळ्यांवर भरवसा ठेवते. दोर पाण्यात शिरतो त्या जागी पाहत राहायचं. तो आडवा सरकला की समजायचं.

त्या दिवशी दोर आडवा सरकला. मी काठी उचलली आणि समोर जे वजन लागलं तसं पुन्हा कधी लागलेलं नाही. ती मोठी मादी वर आली, अर्धी पाण्याबाहेर, तोंड उघडं, डोकं असं झटकलं की कल्ल्यांची लाली दिसली. आणि दोर सैल. दादा शेजारीच होता, काही बोलला नाही. मी दोर गुंडाळून टोक पाहिलं तर ते डुकराच्या शेपटीसारखं गोल वळलेलं. म्हणजे दोर तुटला नव्हता, माझी गाठ सुटली होती. अर्ध्या तासापूर्वी घाईत बांधलेली. फ्लोरोकार्बनच्या (एक प्रकारचा प्लास्टिकचा दोर) दोराची गाठ ओली न करता आवळली की घर्षणाच्या उष्णतेने दोर कमजोर होतो, हे मला माहीत होतं. मी थुंकी लावली नाही, ओढून पाहिली नाही, टाकला गळ. मासा गेल्याचं दुःख होतंच. त्याहून जास्त लागलं ते हे, की माझा गळ तिच्या तोंडात राहिला. तेव्हापासून मी प्रत्येक गाठ ओली करते, आवळते आणि जोर लावून ओढून पाहते. कितीही घाई असो.

पण सगळ्यात वाईट दिवस तोही नव्हता. सगळ्यात वाईट दिवशी मासा मिळाला होता.

ऐन उन्हाळा, पाणी कोमट. मोठी मादी होती. मोठे बास बहुतेक सगळे मादीच असतात. मला फोटो हवा होता. पहिला हलला, दुसऱ्यात माझे डोळे मिटलेले, तिसऱ्यासाठी उजेडाकडे तोंड करून उभी राहिले. मग वजन, मग लांबी, मग आणखी एक फोटो. चार मिनिटं झाली असतील, ती सगळी तिने पाण्याबाहेर काढली. सोडली तेव्हा ती एका कुशीवर कलंडली. मी पाण्यात उतरले, तिला सरळ धरून ठेवलं. पोटाखाली हात होता, कल्ले हलताना जाणवत होते, अगदी सावकाश. बऱ्याच वेळाने शेपटी एकदा हलली आणि ती खाली गेली. जगली की नाही, मला कधीच कळणार नाही. तो फोटो सुंदर आला होता. मी तो कुठेही टाकला नाही.

पाणी जितकं कोमट तितका त्यात प्राणवायू कमी. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. झुंजून दमलेल्या माशाला तेव्हाच तो जास्त हवा असतो. म्हणून आता माझा नियम असा आहे: मासा पाण्याबाहेर काढताना मी स्वतःचा श्वास रोखते. मला श्वास घ्यावासा वाटला की तो पाण्यात परत. हात आधी ओले करायचे, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याला रोगांपासून वाचवतो. जबड्याला धरलं तर मासा उभा लोंबता राहू द्यायचा. भारी मासा आडवा करून नुसत्या जबड्यावर पेलायचा नाही, दुसरा हात पोटाखाली हवाच. गळ घशात खोल गेला असेल तर उपटायचा नाही, दोर जवळून कापून मासा सोडायचा. थंड पाण्यातला दोन किलोचा बास दहा वर्षांचा असू शकतो. दहा वर्षं वाचलेला जीव आपल्या एका फोटोपायी जावा, हे मला सहन होत नाही.

वसंतात पाणी १५ ते २० अंशांच्या दरम्यान आलं की नर उथळ पाण्यात शेपटीने तळ साफ करून घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नर करतो. त्याला तेव्हा भूक नसते, पण जवळ आलेल्या कशावरही तो धावून जातो, म्हणून पटकन गळाला लागतो. त्याला उचललं की काही मिनिटांत बाकीचे मासे येऊन अंडी फस्त करतात. घरट्यावरच्या नराला मी हात लावत नाही. यावर माझी पुष्कळ जणांशी भांडणं झाली आहेत आणि पुढेही होतील.

बास सोडून द्यायची पद्धत तशी फार जुनी नाही. अमेरिकेत बासच्या स्पर्धांना मोठं रूप देणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये मासे जिवंत ठेवून परत सोडण्याचा आग्रह धरला आणि तिथून ती खऱ्या अर्थाने रुजली. पण हा नियम सगळ्या पाण्यांना सारखा लागू नाही. जपानच्या बिवा सरोवरात बास बाहेरून आलेला, तिथल्या मूळ माशांना खाणारा, म्हणून तिथे पकडलेला बास परत सोडायला मनाई आहे. मला ते योग्यच वाटतं.

बिवाचं नाव निघालंच आहे तर फोटोतल्या माशांच्या आकाराबद्दल. २ जून १९३२ ला जॉर्ज पेरी यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी तलावात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या थोडा वरचा, लार्जमाउथ जातीचा बास पकडला. त्याची बरोबरी व्हायला ७७ वर्षं लागली. २ जुलै २००९ ला मनाबू कुरिता यांना बिवात मिळालेला मासा जेमतेम एका औंसाने भारी होता. जुना विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागत होता, म्हणून दोघं आजही बरोबरीत आहेत. जगभर इतकी माणसं गळ टाकून बसतात आणि एवढ्या वर्षांत एवढाच फरक. आपल्या वाट्याला अर्धा-पाऊण किलोचा मासा येतो आणि तो चांगला मासा असतो. फोटोत दिसणारे अजस्र मासे पुष्कळदा हात कॅमेऱ्याकडे लांब करून धरलेले असतात. माझ्याही दोन फोटोंत मी तसंच केलंय. ते आज काढून टाकले.

त्या मुलीला मी लिहिलं: "तुझं काहीतरी चुकत असेल, माझंही चुकतं, पण पाच कोरड्या खेपांवरून ते ठरत नाही. एक वही घे. हवा, पाण्याचं तापमान, वारा कुठून, आमिष कोणतं, किती खोलीवर, किती वाजता काय दिसलं, सगळं लिही. मासा मिळाला नाही त्या दिवशी जास्त लिही." पुढच्या रविवारी ती आमच्याबरोबर येतेय. दादाने तिच्यासाठी एक जुनं स्पिनिंग रीळ साफ करून, तेल घालून ठेवलंय. बेटकास्टर हे दुसऱ्या प्रकारचं रीळ इतक्यात नको, पहिल्या दिवशी दोराचा गुंता सोडवण्यातच सकाळ जाईल.

या पोस्टबरोबर माशाचा फोटो नाही. वहीतलं आजचं पान लावतेय. अक्षर ओल्या हाताचं आहे, म्हणून इथे उतरवून देते:

"काल रात्री ढग गेले. आभाळ स्वच्छ, वारा नाही. पाणी १४ अंश, तीन मीटरपर्यंत तळ दिसतो. मासे: शून्य. ओंडक्यात दोन आमिषं गेली. साडेदहाला उत्तरेकडच्या लव्हाळ्यात, अगदी आतल्या अंगाला, एकदा पाणी ढवळलं. माझा गळ तिथवर पोचला नाही. रविवारी तिथून सुरुवात."