जुन्या गाड्यांनी जायचं कुठे?

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल (उसापासूनही बनणारं अल्कोहोल) मिसळतात. आणि दर पावसाळ्यात तेच! स्कूटर चार दिवस उभी राहिली की किक मारून जीव जातो, मग मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडून तळाशी साचलेलं पाणी काढतो. अहो, गोव्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. ओल शोषणारं इथेनॉल टाकीत टिकेल कसं? २० टक्के मिश्रणाचं २०३० चं उद्दिष्ट घाईने २०२५ वर आणलं. जुन्या दुचाकींचं मायलेज ३-४ टक्के घटेल, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच आहे. मग पेट्रोलचा दर का नाही घटत? शेतकऱ्याला उसाचे पैसे मिळायलाच हवेत (आमचा धारबांदोड्याचा संजीवनी कारखाना मात्र बंदच!). पण सक्ती कसली? जुन्या गाड्यांसाठी पंपावर ई-१० चा (१० टक्केच इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा) एक तरी नोझल ठेवा!