ऑक्टेन ताकद देत नाही, सोसायला शिकवतो

पंपावर महागडे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरणाऱ्याला विचारले तर तो हमखास ‘यात ताकद जास्त असते’ असे सांगतो, आणि १९४० च्या ब्रिटनवरील हवाई लढाईविषयी लिहिणारेही पुष्कळदा हीच चूक करतात. वास्तविक ८७ आणि १०० ऑक्टेनच्या पेट्रोलमधून किलोमागे मिळणारी उष्णता जवळपास सारखीच असते. फरक असतो तो दाब सोसण्यात: ऑक्टेन जितका जास्त, तितके पेट्रोल दाबाखाली आपोआप भडकायचे टळते.

सुपरचार्जर हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. हा दाब, म्हणजे बूस्ट, फार वाढला की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. घाटात मोटारसायकल अशी टकटक करू लागली की आपण गिअर उतरवतो, पण त्या लढाईतल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या २७ लिटरच्या मर्लिन इंजिनात त्याच नॉकिंगने पिस्टनच निकामी होतो.

माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. त्या मर्लिनचा सुपरचार्जर सुमारे १६,००० फुटांच्या विरळ हवेसाठी बेतलेला होता. खालच्या दाट हवेत तो इंजिनाला सोसवेल त्याहून कितीतरी जास्त दाब देऊ शकत असे, म्हणून स्वयंचलित नियंत्रक थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, अर्धवट मिटून ठेवत असे. म्हणजे ताकद आधीपासून हाताशी होती, फक्त कुलूपबंद होती. १०० ऑक्टेन आल्यावर बूस्टची मर्यादा चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांवर गेली आणि ९,००० फुटांवर सुमारे १,३१० अश्वशक्ती मिळू लागली. मात्र १७-१८ हजार फुटांवर सुपरचार्जरचाच दम संपत असल्याने तिथे नव्या पेट्रोलचा काडीचाही उपयोग नव्हता. ‘शंभर ऑक्टेनने लढाई जिंकली’ म्हणणारे हे सोयीस्कर विसरतात.

शिवाय ही चैन पाच मिनिटांचीच होती. वैमानिकाने बूस्टची मर्यादा उठवली की त्याची नोंद इंजिनाच्या वहीत करावी लागे. ऑगस्ट १९४० मध्ये फायटर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाचे, प्रमुख डाउडिंग यांना या सवलतीच्या अतिवापराबद्दल तुकड्यांना लेखी समज द्यावी लागली, कारण पेट्रोलने सोसले तरी बेअरिंगे सोसत नव्हती.

१९४४ मध्ये जर्मनीच्या व्ही-१ उडत्या बॉम्बांचा पाठलाग करण्यासाठी १५० ग्रेडचे पेट्रोल आले आणि मर्लिन ६६ या नंतरच्या इंजिनाचा बूस्ट अठरावरून पंचवीस पौंडांवर नेला गेला. तेव्हा नवीच तक्रार उभी राहिली: ऑक्टेन वाढवण्यासाठी पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशाने स्पार्क प्लग माखू लागले.